तीस सेकंद धाव, दीड मिनिट चाल

ती. केसरताईस,

धाकट्या विनेशचा नमस्कार. साष्टांग लिहायची पद्धत आहे, पण मध्ये पोट येतं, तेव्हा उभ्यानेच घातलेला गोड मानून घे. भावोजींच्या गुडघ्यांना उतार असेल, सुपारी वाळली असेल आणि श्रीवर्धनला सगळे खुशाल असतील असं धरून चालतो. आपल्या दोन घरांपैकी एक तरी सुखात असावं.

इथली गोष्ट अशी की येत्या शुक्रवारी माझं मेडिकल आहे. बंदरातल्या क्रेनवर मी सोळा वर्षं बसतोय. पण यंदा नवा साहेब आलाय आणि त्याने सगळ्यांच्या कमरेला टेप लावायचं ठरवलंय. कंबर जास्त भरली की खुर्ची गेली, मग खाली गेटवर कागद तपासत बसायचं. (ज्याने चाळीस मीटरवरून अख्खी जहाजं रिकामी केली, त्याने ट्रेलरवाल्यांच्या शिव्या खायच्या!) खरं सांगतो ताई, ती खुर्ची गेली तर मी कोण, हे मलाच कळायचं नाही.

हे कळताच आमच्या ऋतिकाने मला ताब्यात घेतलं. तुझी भाची आता पनवेलला फिजिओथेरपी शिकते आणि घरात हाताशी मीच एक पेशंट. तिचं शास्त्र असं: तीस सेकंद जीव तोडून धावायचं, दीड मिनिट चालायचं, असं आठ वेळा. याला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात. तासभर रमतगमत चालून जेवढी चरबी उतरते, साधारण तेवढी थोडक्या वेळात उतरते म्हणे. शिवाय घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन असतं, ते अशा दमछाकीनंतर तासभर गप्प बसतं. (माझं मात्र एकसष्टाव्या मिनिटाला उठून थेट टोपात डोकावतं.) दुसरं लेप्टिन. ते चरबीतूनच निघतं आणि मेंदूला सांगतं, बाबा, पुरे आता. माझ्याकडे चरबीही मुबलक आणि लेप्टिनही मुबलक, पण मेंदू ऐकत नाही. प्रणाली म्हणते, हे तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं, त्यासाठी पोरीला कॉलेजात घालायची गरज नव्हती.

दोन आठवडे मागच्या रस्त्यावर धावल्यावर गेल्या मंगळवारी दुपारी ड्युटीवरून येऊन मी पहिल्यांदाच किनाऱ्यावर गेलो. वारा पडायचं नाव घेत नव्हता. ऋतिकाने शिट्टी फुंकली आणि मी पाण्याच्या दिशेने सुटलो. कोळीवाड्यात जन्मून एवढं विसरलो, ताई, की आपल्या किनाऱ्यावर मोठा माणूस उगाच धावत नाही. धावला तर समजायचं, होडीला काहीतरी झालंय. बोंबील वाळत घालणाऱ्या सोनाबाईने टोपली टाकली आणि ओरडली, "काय झाला रं? होरी बुरली?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. ऋतिकाने शिकवल्याप्रमाणे फेरी संपली म्हणून हात तेवढा वर केला, तोही नेमका समुद्राकडे. पाच मिनिटांत अर्धा वाडा वाळूत.

दम परतल्यावर मी खुलासा केला की बाबांनो, मी चरबीसाठी धावतोय. पण तोवर सगळ्यांनी होड्या मोजल्या होत्या. सोनाबाईच्या ओंकारची होडी सकाळीच यायला हवी होती, ती आली नव्हती आणि त्याचा फोन लागत नव्हता. शेजारच्या दिपेशने आपली होडी काढली. पुढचे अडीच तास सोनाबाई माझा हात धरून बसली होती. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होतो, माझी धाव फुकट जाऊ दे, लोक हसू देत. त्या अडीच तासांत भूक नावाची गोष्ट मला आठवली नाही. ते कुठल्या हार्मोनमुळे, हे विचारायचं सुचलं नाही.

दिवस मावळायच्या बेताला दिपेश ओंकारची होडी ओढत घेऊन आला. इंजिन बंद पडून ती खडकांकडे वाहत चालली होती. झालं! तेव्हापासून मी रोज सांगतो की मला काही दिसलं नव्हतं, आणि सोनाबाई रोज ताट आणते. चिंबोऱ्यांचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. "माज्या ओंकारसाठी धावलास तू, गुमान खा." समोर बसून खायला लावते. कंबर एक इंच उतरली होती, ती दीड इंच चढली.

भावोजींना नमस्कार. गुडघे जपा म्हणावं, आणि धावू नका.

तुझा,
विनेश

ता. क. सोनाबाई तुझं ऐकते. तिला फोन करून ताट बंद करायला सांग.

ता. क. २. राहू दे. आज सुरमई होती.

ता. क. ३. ताई, मघापासून कमरेचंच लिहीत बसलोय. काल सहाव्या फेरीला छातीत कळ आली आणि डाव्या हातात उतरली. आज क्रेनचा जिना चढताना परत आली. मेडिकलला बोललो तर खुर्ची जाणार, म्हणून गप्प राहायचं ठरवलं होतं. पण मी वरून कंटेनर खाली सोडतो तेव्हा ट्रेलरपाशी काळूराम उभा असतो, मान वर करून, माझ्या भरवशावर. ऋतिकाला सांगितलं तर पोर स्वतःला दोष देईल, आणि फोनवर तुला सांगताना मला रडू येईल. दिपेश आत्ता इंजिनाच्या कामाला श्रीवर्धनलाच निघालाय, म्हणून पत्र त्याच्या हाती देतोय. आज रात्रीच निघता आलं तर नीघ. मला डॉक्टरकडे घेऊन चल, एकट्याने पाय उचलत नाही. क्रेनवर मी आता चढत नाही. सुपरवायझरला तसं कळवून आलोय.