गणपती आणि आंबे यांच्या मधलं गाव

सर, काल दादरला माझ्या कथासंग्रहाचं प्रकाशन झालं. सगळ्या कथा गावाकडच्या. एसी हॉलमध्ये पेंढा पसरला होता, कोपऱ्यात कंदील टांगला होता, आणि धोतर नेसवलेले केटरिंगवाले द्रोणांतून घावणे वाटत होते. एकाचं धोतर सारखं सुटत होतं आणि लोक हसत त्याचे फोटो काढत होते. मला शिसारी आली. एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, "काय रियल लिहिता हो! वाचताना मातीचा वास येतो." मी हसून सही दिली. मातीचा कसला वास, सर? नायगावच्या चाळीत वाढलेला माणूस मी.

तुमचं गिरगावातलं स्वयंपाकघर आठवतं. मी कॉलेजात आहे, तुम्ही गॅसपाशी उभे राहून माझी पहिली कथा वाचताय, दूध वर येतंय, आणि ते सांगावं की नको या विचारात मी. दूध उतू गेलंच. तुम्ही गॅस बंद केलात, ओटा पुसलात आणि म्हणालात, "तुझ्या गावात गणपती आहेत आणि आंबे आहेत. मधले दिवस तिथली माणसं काय करतात रे?" आम्ही चाकरमानी, गावी जायचो ते भाद्रपदात आणि मे महिन्यात. "ठाऊक नसेल तर जाऊन राहा. नाहीतर चाळीवर लिही," असं म्हणून तुम्ही उरलेल्या दुधाचा चहा केलात. मला तुमचा भयंकर राग आला होता.

आता ती चाळ पाडली. गावी मी अजूनही तेवढाच जातो. काल संग्रह पुन्हा उघडून पाहिला: कुठे भात हिरवंगार, कुठे माजघरात आंब्यांची अढी. कार्तिकात, माघात कुणी जगतच नाही. हे काल मंचावर बोललेल्या एकाही समीक्षकाला खटकलं नाही. किळस येते मला, त्यांच्या कौतुकाची आणि मान डोलावत ते ऐकणाऱ्या माझी.

कार्यक्रमाच्या शेवटी प्रकाशक खांद्यावर हात टाकून म्हणाले, "पुढचा संग्रहपण गावाकडचाच द्या. चाळबीळ नको, ते कोण वाचतंय?" नाही म्हणायचं ठरवूनच मी गेलो होतो. चाळीवर लिहिलेल्या कथा पिशवीत होत्या, त्यांनाच द्यायला नेलेल्या.

हे पाठवायला तुमचा पत्ता उरलेला नाही, म्हणून सांगतो. मी हो म्हणालो. आणि घरी चालत येताना, सर, मला छान वाटत होतं.