राजीचा उजवा पाय

माघ व. ३
राजीच्या पुढच्या उजव्या पायाची नाल वाजायला लागली. चालताना टक्, आणि मागून एक बारीक खळ्. कासमचाचांच्या हातची शेवटची नाल ती. चाचा कार्तिकात गेले. चार महिने झाले, घोडीला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायला मनच होईना. माझ्या लहानपणापासून आमच्या दारच्या घोड्यांना नाला मारायच्या त्या चाचांनीच. महिना भरला की न बोलावता यायचे, घोडीचा दोर सोडायचे, म्हणायचे, "सावजी, तुमी मंदिरात जाऊन या." आणि तिला आपल्या घरी लिंबोणीखाली घेऊन जायचे. दुपारी राजी दारात उभी, पाय कसे नेटके.

आता त्यांचा शागीर्द जलाल. सोमवारी येतो म्हणाला होता. आज शुक्रवार.

सौ. म्हणाली, "सर्व्हिस मोटरीनं जात जा ना बाजाराले. मोटरीले नाल लागत नाई." मोटर वाशीमला जाते, आसेगावच्या बाजाराला लुगड्यांचं गाठोडं कोण नेणार? शिवाय बादलीची कडी वाजली म्हणून मोटर पाय आपटत नाही. राजी आपटते. हरभऱ्याची बादली उचलली की पुढचा उजवा, दोनदा. अकरा वर्षांत चुकली नाही.

माघ व. ७
जलाल आला एकदाचा. उशीर का, तर "राह्यलं." एवढंच. याचं घर ना दार, गावोगाव फिरतो, म्हणून आमच्याच अंगणात बसला. मी पहिल्यांदाच समोर उभा राहून नालबंदी पाहिली.

पाहिली ती न पाहिलेली बरी. जुनी नाल काढली आणि वाकडी सुरी घेऊन खूरच कापायला लागला. अंगठ्याएवढे जाड पांढरे काप खाली पडले. तीन. मी ओरडलो. तो म्हणतो, "सावजी, वाढलेलं काढा लागते. उस्तादची बी हेच रीत होती."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, खोटं बोलतोस. चाचांनी माझ्या घोडीला कधी सुरी लावली नाही. तू नालबंद नाहीस, कसाई आहेस.

त्याने तोंड उघडलं, मग मिटलं. सामान पिशवीत भरलं आणि गेला. राजीने त्याच्यामागे मान वळवून पाहिलं.

माघ व. ८
काल उपास केला. ते काप उचलून परसात पुरले.  सौ.च्या हातून पोळ्या करपल्या.

माघ व. १२
शेलूच्या बाजारात नथ्थू भेटला. बैलांना नाला मारतो, घोड्यांनाही मारतो म्हणाला. मी आधीच सांगितलं, खुराला सुरी लागता कामा नये. "सावजी म्हनतील तसं." राजीला हळू पाय मागायचा. "सावजी म्हनतील तसं." असा माणूस पाहिजे! चारी पायांना नाला झाल्या, जमिनीवर खुराचा एक कपचाही पडला नाही. उजव्या पायाच्या शेवटच्या खिळ्याला राजीने पाय ओढून घेतला. नथ्थू म्हणाला, "गुदगुल्या झाल्या तिले." मी हसलो. खूष होऊन त्याला एक पंचा दिला.

फाल्गुन शु. १
राजी लंगडते. थोडंसंच. रस्त्यात खडा रुतला असेल.

फाल्गुन शु. २
खडा नाही. खूर गरम लागतं. नथ्थूला निरोप धाडला.

फाल्गुन शु. ४
नथ्थूचं बिऱ्हाड उठलं, रिसोडकडे गेलं म्हणतात. कोणालाच ठाऊक नाही.
सौ. "जलालले बोलवा." म्हटलं, त्या कसायाचं नाव या घरात काढायचं नाही. ती काहीतरी बोलणार होती. "तुमच्या तोंडापुढं…" म्हणाली आणि आत गेली.

फाल्गुन शु. ६
लोहाराकडून उजव्या पायाची नाल काढवली. सगळे खिळे कोरडे निघाले, एक ओला. काळा. वास घेतला आणि तसाच ओट्यावर बसलो. शेवटचाच होता तो. ज्याला मी हसलो होतो.

संध्याकाळचं जेवण सूर्य असताना झालं नाही. मग जेवलोच नाही.

फाल्गुन शु. ७
बादली उचलली. राजीने सवयीने पाय वर घेतला आणि तसाच धरला. खाली आणेना. माझ्याकडे पाहत राहिली, जसं काही मीच सांगायचं की आता काय करू.

फाल्गुन शु. १०
वाशीमहून जनावरांचे डॉक्टर आले. खुरावर चिमटा दाबला तशी राजी मागे सरून भिंतीवर आदळली. म्हणाले, आत पू झाला आहे, तळवा कापून वाट करून द्यायला हवी. आत्ता. पेटी उघडली. सुरी जलालसारखीच, फक्त चकचकीत.

मी मधे उभा राहिलो. म्हटलं, औषध द्या, लेप द्या, कापायचं नाही. रस्त्यातली मुंगी वाचावी म्हणून आम्ही खाली पाहून चालतो. माझ्या दारात, माझ्या डोळ्यांसमोर, मुक्या जिवाला?

त्यांनी पेटी मिटली. म्हणाले, "बरं. मग महिन्यानं मला नका बोलावू. बंदूकवाल्याला बोलवा." शहाणा माणूस, पण काळीज नाही.

फाल्गुन शु. ११
कडुनिंबाचा पाला, हळद, गरम कोंडा. तीन वेळा बांधतो. हरभरा बंद केला, अंगात उष्णता नको.

फाल्गुन शु. १४
आसेगावचा बाजार चुकला. शेलूचाही. गाठोडं कोपऱ्यात पडून आहे. शेजारी म्हणतात, विकून टाका. लंगडी घोडी कोण घेतो आणि कशासाठी घेतो, ते मला चांगलं ठाऊक आहे.

फाल्गुन व. ३
आज राजी आडवी. दिवसा तिला कधी निजलेली पाहिली नव्हती. उठवली तर तीन पायांवर थरथरत उभी राहिली. घाम. नाकातून आवाज. खुराच्या वर, केस सुरू होतात तिथे, सूज आली. लेप बांधताना तिने माझ्या टोपीला ओठ लावले, नेहमीसारखे.
मला रडू आलं. सौ. समोर होती तरी.

फाल्गुन व. ९
सूज वर सरकली. आता ती फुटेल. लेप, लेप, लेप.

फाल्गुन व. ११
चाचीने लिंबं पाठवली. दरवर्षी पाठवते, चाचा गेले तरी चुकली नाही. सौ.ने सरबत केलं. मी पेला तसाच ठेवला.

फाल्गुन व. १२
चाचीकडे गेलो. मनात होतं, चाचांच्या हातची एखादी जुनी नाल मिळाली तर तिच्या मापाने कोणाकडून तरी… पुढचं काही ठरलं नव्हतं. खरं तर कोणाजवळ तरी रडायला गेलो होतो. म्हटलं, चाची, चाचांसारखा नालबंद आता नाही. सगळे सुऱ्या घेऊन येतात. चाचांनी कधी सुरी लावली नाही तिला.

 चाची म्हणाली, "कोन म्हनलं तुमाले?"

लिंबोणीखाली नेलं. पायाने माती उकरली. आत खुराचे काप. पांढरे, पिवळे, कुजून काळे झालेले. थरावर थर.

"दर महिन्याले कापत होते. हे सगळं तुमच्या घोड्याइचं हाय, राजीचं बी. कापल्याबिगर नाल बसते का, सावजी? जसं आपलं नख. नाई कापलं तर घोडं लंगडं होते. मी हे झाडाले टाकत होती. म्हनून तं एवढे लिंबं लागतेत."

मी विचारलं, मग चाचा मला मंदिरात का पाठवत होते? म्हणाली, "लहान होते तवा तुमी मोठ्या सावजीच्या घोड्याचं खूर कापतानी पाह्यलं. दोन दिवस जेवले नाई. मोठे सावजी आमच्या यायले म्हने, कासम, पोराच्या नजरेपुढं करू नोको. यायनं आयुष्यभर नाई केलं."

मला ते दोन दिवस आठवत नाहीत. आईच्या मांडीवर निजलो होतो, एवढंच काहीतरी आठवतं.

घरी कोणत्या रस्त्याने आलो, सांगता येणार नाही. मुंग्या पाहिल्या नाहीत.

फाल्गुन व. १३
सौ.ला विचारलं. म्हणाली, "माहीत होतं. साऱ्या गावाले माहीत होतं." मग रडायलाच लागली. "तुमी जलालवर ओरडले तवा मी चुलीपाशी होती. उठून बाहेर याले पायजे होतं. नाई आली."

तिच्यावर रागवायलाही जोर नाही. तिने भीतीपोटी सांगितलं नाही, चाचांनी मायेपोटी. आणि मी जिवाची दया करता करता राजीचा पाय सडवला. ज्याने ऐकलं नाही त्याला घालवलं, ज्याने ऐकलं त्याला पंचा दिला.

दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागून झाली की शेवटी राजीच्या कानाशी जातो, कळत न कळत काही चुकलं असेल तर क्षमा कर म्हणतो. सगळे हसतात. मीही थोडा हसतच म्हणायचो. माझ्याकडून काय चुकणार!

फाल्गुन व. ३०
जलालचा शोध. मानोऱ्याला निरोप, कारंज्याला निरोप. कोणी म्हणतो काल इथे होता, कोणी म्हणतो उद्या येणार आहे. या माणसाचा काल आणि उद्या दोन्ही खरे नसतात. डॉक्टरांकडेही माणूस धाडला. ते दौऱ्यावर, पंधरा दिवस.

चैत्र शु. २
पाडवा झाला. गुढी सौ.ने उभारली. राजी पाणी अर्धंच प्याली.

चैत्र शु. ५
कळलं. जलाल पोहरादेवीला, यात्रेत. तांडे येतात, त्यांच्या तट्टांना नाला मारतो.

चैत्र शु. ७
शेजाऱ्याच्या बैलगाडीने पोहरादेवी. धूळ, माणसंच माणसं. जलाल एका तट्टाचा पाय मांडीवर घेऊन बसला होता. कापत होता. मी यावेळी नजर वळवली नाही. भराभर, पातळ, आणि तट्टू डोळे मिटून उभं.

मान वर न करता म्हणाला, "कसायाकडं कायले आले, सावजी?"

टोपी काढून उभा राहिलो. लोक पाहत होते, पाहू देत. म्हटलं, चुकलो. चाचीनं सगळं दाखवलं.

तेव्हा त्याचा हात थांबला. "उस्तादनं कसम घातली होती. सावजीचं मन लेकरावानी हाय म्हने, त्याले समजू द्याचं नाई. मी कसा सांगू?" मग राजीचं विचारलं. मी सांगत गेलो तसा त्याचा चेहरा उतरला. सूज कुठपर्यंत आली, ते दोनदा विचारलं.

आत्ताच चल म्हटलं. नवमीपर्यंत तांड्यांना शब्द दिलेला. "दशमीले सकाळी येतो." मी पाया पडायचा बाकी राहिलो.

चैत्र शु. १०
सकाळ गेली. दुपार गेली. रस्त्यावर उभा राहून पाय दुखले. मनात त्याला नको ते बोललो आणि प्रत्येक शब्द परत घेतला. ऊन कलल्यावर आला, मानोऱ्यापासून पायी, घामाने निथळत. गाडी मोडली म्हणाला. मोडली असेल, नसेल.

सुरी पाजळली. मला म्हणाला, "पाय तुमी धरा. तिले तुमचा वास पायजे."

धरला. मांडीवर घेतला. किती जड असतो घोड्याचा पाय! अकरा वर्षांत मला माहीत नव्हतं. त्याने कापायला सुरुवात केली. काप पडले, मी मोजले नाहीत. मग काळं पाणी. मग पू, माझ्या धोतरावर. राजी एकदा कण्हली आणि लांब श्वास सोडून तिने सगळी मान माझ्या खांद्यावर टाकली. महिनाभर हाच श्वास तिच्यात अडकला होता आणि मी वर हळद बांधत होतो.

डोळे मिटले नाहीत. एवढं तरी केलं.

जलाल म्हणाला, "उशीर झाला, सावजी. हाडाले लागलं का नाई, आज सांगता येत नाई. तीन दिवस पट्टी सोडू नोका. उठवू नोका. चवथ्या दिवशी तिनं मनानं पाय टेकला तं…"  पुढचं मी विचारलं नाही. नाही टेकला तर बंदुकीचं लोक बोलतील, आणि मी हो म्हणणार नाही, आणि ती रोज झिजेल. यात दया कुठली, मला आता कळत नाही.

जेवायचा आग्रह केला. नको म्हणाला. जाताना राजीच्या कपाळाला हात लावून गेला.

चैत्र शु. ११
निजून आहे. कोंडा हातातून खाल्ला. थोडा.

चैत्र शु. १२
निजून आहे. पट्टीवर डाग. वास कमी वाटतो. मलाच तसं वाटत असेल.

चैत्र शु. १३, सकाळ
महावीर जयंती. मंदिरात वाजंत्री सुरू झाली, मी गेलो नाही. आता कोणी मला मंदिरात जाऊन या म्हणणारं नाही.

गोठ्यात हालचाल ऐकू आली. सौ. दारातून पाहून आली. "उभी हाय," म्हणाली. किती पायांवर ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

बादलीत मूठभर हरभरा घातला, कितीतरी दिवसांनी. सौ. म्हणते, वाजवा. मला पाऊल उचलवेना, म्हणून इथे ओट्यावर लिहीत बसलो आहे. बादली मांडीशी आहे. एका हाताने लिहितो, दुसऱ्याने कडी दाबून धरली आहे.