वहीतलं चौथं वाक्य

जयेंद्रगंज, ग्वाल्हेर
५ ऑगस्ट २०२४

चि. अश्लेषास मावशीचे अनेक आशीर्वाद.

घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि परीक्षेत इंग्रजी अशा तीन दगडांवर पाय ठेवणाऱ्या आपल्या ग्वाल्हेरच्या मुलींवर हा जुनाच अन्याय आहे. शब्द पाठ करून घेतात, अर्थ कुणी सांगत नाही. तू ‘पुट अप विथ’ विचारलंस. कोश ‘सहन करणे’ म्हणेल. तेवढ्याने भागत नाही. ताप आपण सहन करतो, तिथे हे क्रियापद चालत नाही. ते वापरावं जिथे त्रास रोजचा असतो, उठून जाता येतं, आणि तरी माणूस बसून राहतो.

शेजाऱ्यांचा डीजे, मे महिन्याचं ऊन, मास्तरांची तंबाखू यांवरची तीन वाक्यं मागच्या पानावर आहेत. चौथं खरं आहे: ‘शी पुट्स अप विथ हिज जोक्स.’ तुझे बाबा पाहुण्यांपुढे तुझ्या आईला इंग्रजी बोलायला लावून हसतात, तेव्हा ती चहाचा ट्रे धरून कशी उभी असते ते आठव. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले म्हणून राघवरावांनी मला तुमच्या घराचं दार बंद केलं. तुमचे फोन ते तपासतात. पत्रं मात्र म्हातारीचा चाळा म्हणून सोडून देतात.

आईला जप, माझी आठवण ठेव.
तुझी इंदूमावशी

कंपू, १३ ऑगस्ट

ती. मावशीस कृ. सा. न.

टीचरने चौथ्या वाक्याला स्टार दिला! रविवारी बाबांचे ऑफिसवाले आले होते. बाबांनी माझी इंग्रजीची वही पाहिली आणि आता आमच्या मेमसाहेब वाचणार, असं सांगून आईला उभं केलं. चौथं वाक्य तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग अर्थ विचारला. तिने येत नाही म्हटलं. सगळे इतके हसले की विचारू नकोस. सच सांगते, मला पण हसू आलं. आई पण ना, इतकं सोपं तर होतं.

तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही. पाचवं वाक्य लवकर पाठव.
तुझी लाडकी अशू

कंपू, २० ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

अर्थ मला येतो. तू लिहिण्याच्या किती तरी आधीपासून येतो. तो सांगितला असता तर चार परक्या माणसांत माझंच घर उघडं पडलं असतं.

यांच्या हसण्याची सवय झाली आहे. पण तिसऱ्यांदा वाचताना अशूचं हसू ऐकलं. जिच्यासाठी या घरात राहिले, ती आता त्यांच्या बाजूला जाऊन बसली. मला शिकवायला तू माझ्या लेकीची वही घेतलीस, ताई. वाक्य तुझं, आवाज माझा.

यापुढे माझ्यावर माया जरा कमी कर. झेपत नाही.
मंजिरी

जयेंद्रगंज, २४ ऑगस्ट

चि. अश्लेषास,

आशीर्वाद या वेळी राखून ठेवले आहेत.

तुझ्या आईला अर्थ येत होता. तिने येत नाही म्हटलं म्हणून तुझ्या बाबांची अब्रू राहिली, आणि तू हसलीस तिलाच. मीही सुटत नाही. तीस वर्षं सभांमधून बायकांसाठी घसा फोडला, आणि सख्ख्या बहिणीचं दुःख उदाहरण म्हणून तुझ्या वहीत घातलं. सुरी माझी होती, चालली तुझ्या हातून.

पाचवं वाक्य मिळणार नाही. पहिल्या पत्रात अर्थ अर्धाच सांगितला होता. एकटं माणूस इतकी वर्षं सोसत नाही. भोवतीचे हसून त्याला सोसायला लावतात.

पुढच्या रविवारी ते ऑफिसवाले आले की बाबा पुन्हा वही मागवतील. त्या सगळ्यांच्या देखत ती आईच्या हातातून घे आणि मिटून टाक.

आशीर्वाद त्यानंतर.
इंदूमावशी