जिन्यातले डाळिंब

मी, खाली सही करणारा, कवळ्या बनवण्याच्या कामातून निवृत्त झालेला विधुर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. यकृताने हात टेकले आहेत. डोके ठिकाणावर आहे.

१. माझ्या बारीक पकडी, कानशी आणि तारा कारखान्यातील जुन्या सोबत्याला द्याव्यात. बायको गेल्यावर याच हत्यारांनी मी बोन्साय शिकलो. सुरुवातीला लाडाने पाणी घालघालून मुळे कुजवली. मग उमगत गेले, की फांदीला गुंडाळलेली तार वेळेवर काढली नाही तर सालीत रुतते. हळूहळू बाल्कनी भरली. सकाळी उठायला काही कारण मिळाले.

२. जिन्याच्या खिडकीतले डाळिंब खालच्या मजल्यावरच्या बाईंना द्यावे. कुंड्यांचे पाणी त्यांच्या वाळत्या कपड्यांवर ठिबकायचे, त्यावरून आमचे बोलणे बंद होते. मागच्या उन्हाळ्यात मी इस्पितळात असताना घराची किल्ली मुलाकडे होती. फोनवर तो म्हणायचा, "सगळं छान आहे, बाबा. तुम्ही आराम करा." घरी आलो तर बाल्कनीत नुसत्या काटक्या.

"झाडंच होती ना, बाबा?" तो म्हणाला. "मला कामं नाहीत का?"

त्यानंतर आम्ही औषधांपुरतेच बोलतो.

मी इस्पितळातून आलो त्याच संध्याकाळी बाई डाळिंबाची कुंडी घेऊन वर आल्या होत्या. झाड हिरवेगार होते. "हे जिन्यात होतं म्हणून पाणी घालता आलं," त्या म्हणाल्या. "बाकीची कुलपाआड. तुमच्या मुलाला फोन करून सांगितलं, तर म्हणाला, बघतो."

"पण तुम्ही तर माझ्याशी बोलत नव्हता."

"भांडण तुमच्याशी होतं. ह्याच्याशी कशाला?"

छाटणी कशी करायची ते त्यांना शिकवायला घेतले होते. आता कात्री त्यांनीच धरावी.

३. राहते घर आणि बँकेतील शिल्लक मुलालाच मिळावी. दुसरे आहे कोण? वाळलेली झाडे मी टाकलेली नाहीत, तीही त्याचीच. मात्र ती उचलायला त्याने माणूस लावू नये. एकेक झाड स्वतःच्या हाताने उपटावे, मुळांची कोरडी माती कुंडीत झाडावी. तेवढा वेळ तरी त्याने माझ्या बाल्कनीत बसावे. मी असताना तो कधी बसला नाही.

वाचून पाहिले, बरोबर आहे, म्हणून सही करतो.

स्थळ: राहते घर
दिनांक: ११ मार्च
सही: (वाकडीतिकडी, पण माझीच)

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. घरी येणारे डॉक्टर
२. कोपऱ्यावरचे चष्मेवाले