मोठी बरणी

३ तारीख

नोकरी लागली एकदाची! बायकांच्या दवाखान्यात, तपासणीच्या खोलीत. इथे गर्भाशयातल्या साध्या गाठी काढतात, पण पिशवी जपतात, म्हणजे पुढे मूल होऊ शकतं. काढलेल्या गाठी तपासणीसाठी छोट्या बरणीत, आणि पिशवीच काढावी लागली तर मोठ्या. उद्याच्या बरण्यांवर आजच नाव, तारीख आणि आत काय ते लिहून ठेवायचं, ही इथली रीत. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, मोठी बरणी वर्षातून एखादीच लागते. माझ्याही पोटात तीन गाठी आहेत. नवरा चिडवतो, बाळासाठी थेट नोकरीच धरलीस म्हणून.

५ तारीख

काल घोळ झाला. एका शिक्षिकेची चिठ्ठी चुकून मोठ्या बरणीला लावली आणि तशीच डबा खायला गेले. बदलायची राहून गेली. आज तिचं रक्त थांबेना, पिशवी काढावी लागली. सिस्टर म्हणाल्या, बरं झालं, बरणी हाताशी होती.

८ तारीख

आज एक शिवणकाम करणारी बाई होती. तिची छोटी बरणी मी दोनदा वाचून ठेवली होती. सकाळी फळीवर मोठी. अक्षर माझंच. दुपारपर्यंत ती भरली.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. घरी जाऊन जेवले.

९ तारीख

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. नव्या माणसाचं डोकं असं भणभणतंच, म्हणाल्या. माझं ऑपरेशन अकराला नक्की. फक्त गाठी काढू, पिशवीला धक्का लावणार नाही, असा शब्द दिला. मला मूल हवंय. एवढंच हवंय.

१० तारीख

माझी छोटी बरणी मीच लिहिली आणि पर्समधून घरी आणली. दवाखान्यातून निघण्याआधी मोठ्या होत्या तेवढ्या फोडल्या. बोट कापलं. दुखलं नाही.

११ तारीख, सकाळ

कमरेत इंजेक्शन दिलंय. मन रमावं म्हणून वही राहू दिली. कमरेखाली काही नाही — बधिर. छोटी बरणी सिस्टरांकडे दिली. त्यांनी ती बाजूला ठेवली —

म्हणाल्या, मोठ्या बरण्यांचं नवं खोकं आलंय. एकीवर चिठ्ठी राहिलीय — पेन हातात आहेच, तर तूच लिही —

नको म्हणाले. दोनदा.

आता हातही बधिर — तरी चालतोय — वहीवर एक शब्द, मग काचेवर तोच — माझं नाव. आजची तारीख. आत काय, तिथे — पि