बिनमापाच्या बरणीतील काढ्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय,
शस्त्रक्रिया विभाग

विषय : गुरुवारी होणाऱ्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वी अर्जदाराच्या पोटात काय काय गेले आहे याची दखल घेण्याबाबत.

संदर्भ : मागील शुक्रवारी आपल्या शल्यचिकित्सकांच्या प्रश्नास अर्जदाराने मान हलवून दिलेले चुकीचे उत्तर.

महोदय,

ज्या वस्तूला माप नाही तिच्यावर विश्वास नाही, या एका तत्त्वावर समाजाचा सारा व्यवहार उभा आहे आणि वजनमापे निरीक्षक या नात्याने अर्जदाराने निवृत्तीपर्यंत या तत्त्वाचे डोळ्यांत तेल घालून रक्षण केले आहे. त्याच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने बाजारातले तराजू सरळ होत. असा हा अर्जदार गेले काही महिने सकाळ-संध्याकाळ, कान तुटलेल्या कपातून, कशाचा आहे हे ठाऊक नसलेला काढा नाक दाबून पीत आहे, हे तो अत्यंत भीतीपूर्वक कळवू इच्छितो.

१. काढा ताई करते. ताई ही अर्जदाराची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच अर्जदाराला लहानाचे मोठे केले. ते काम पूर्ण झाले असे ती अद्याप मानत नाही. अर्जदाराच्या हृदयाची तक्रार निघाली तेव्हा आपल्या रुग्णालयाने रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. लगेच ताईने ओट्यावर काचेची बरणी मांडली. आरंभी तीत लसूण, आले व दालचिनी होती, इतपत अर्जदार शपथेवर सांगू शकतो. पुढचे सांगू शकत नाही, कारण ही बरणी कधी रिकामी होत नाही. तळाशी चार बोटे उरली की ताई त्यावरच नवा काढा ओतते. जुना टाकला तर गुण जातो म्हणे. शिवाय भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी आणतो, कोणी मुळी, कोणी वाळका पाला, आणि कोणाचे मन मोडायला नको म्हणून ते सगळे त्याच बरणीत पडते. शेजारच्या शिंप्याने गुडघेदुखीवरची बिननावाची पुडी आणली, तीही पडली. अर्जदाराचे गुडघे ठणठणीत आहेत. "मग आता दुखणारच नाहीत," असे ताईने सांगितले.

मात्रेबद्दल विचारणा केली असता, "पाल्याला कसलं आलंय माप? गाय काय मोजून खाते?" असे उत्तर मिळाले. गायीबाबत शासकीय माहिती हाताशी नसल्याने अर्जदाराने कप तोंडाला लावला. काढा पिऊन झाल्यावर ताई कप उलटा धरून तपासते. अशी कडक तपासणी अर्जदाराने आपल्या उमेदीच्या काळातही कोणाची केली नव्हती.

२. शुक्रवारी शल्यचिकित्सकांनी स्पष्ट विचारले, "गोळीशिवाय आणखी कुठलं औषध चालू आहे?" अर्जदाराने तोंड उघडण्याआधीच ताई म्हणाली, "औषध? छे हो! काहीसुद्धा नाही." महोदय, ती खोटे बोलली नाही. तिच्या लेखी औषध म्हणजे दुकानातून येते ते. बरणीतले ते घरचे. अर्जदाराने तिच्या म्हणण्याला मान हलवली. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेपुरती गोळी थांबवायला सांगितले, ती त्याच दिवसापासून बंद आहे. बरणी थांबवायला कोणी सांगितले नाही, कारण बरणी कोणाला माहीतच नाही. उलट, पोटावर सुरी चालणार या धसक्याने ताई कप काठोकाठ भरू लागली आहे.

३. काल सकाळी दाढी करताना हनुवटीला किंचित लागले. रक्त जेवणाची वेळ झाली तरी थांबेना. दात घासताना हिरड्यांतूनही येते, आणि कुठे आपटल्याचे आठवत नसताना दंडावर काळेनिळे डाग उमटले आहेत. गोळी बंद आहे, मग रक्त पातळ कोण करीत आहे? तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेला शिशाचा तुकडा अर्जदार नुसत्या बोटाने ओळखत असे. स्वतःच्या पोटात काय दडले आहे ते त्याला ओळखता येत नाही. पात्याच्या एका ओरखड्याने ही गत, तर गुरुवारी काय होईल?

ताईला सांगावे, असे आपण म्हणाल. सांगून पाहिले. "डॉक्टरांना एकदा विचारूया का?" एवढेच अर्जदार म्हणाला. तिचे डोळे भरून आले. "म्हणजे मी तुला विष घालते?" असे म्हणून तिने भरला कप स्वतःच घटाघटा पिऊन दाखवला. तिची रक्तदाबाची गोळी चालू आहे. तेव्हापासून अर्जदारास दोन जिवांचा घोर लागला आहे.

४. प्रस्तुत अर्ज शिंप्याच्या इस्त्रीच्या टेबलावर लिहिला आहे. पायजम्याला नाडी घालून आणतो, असे घरी सांगितले आहे. शिंपीही घाबरला असून "मी काय रोज पाजा म्हटलं होतं?" असे घोकत आहे. अर्ज घेऊन तोच येत आहे.

तरी विनंती की, शस्त्रक्रिया करावी की पुढे ढकलावी हे रक्त तपासून आपण ठरवावे आणि गोळी पुन्हा कधी सुरू करायची तेही सांगावे. अर्जदार मनाने काहीही करणार नाही. तसेच कोणाही रुग्णास "औषध घेता का" एवढेच न विचारता काढा, पाला, मुळी, चूर्ण, पुडी असे एकेक नाव घेऊन विचारावे. ताईला तिच्या स्वतःच्या गोळीबद्दलही विचारावे, पण रागावू नये. आणि हे सारे रक्ताच्या तपासणीत उघड झाले, असेच तिला भासवावे.

शेवटची एक किरकोळ विनंती. आज सकाळी ताईला खोकल्याची उबळ आली तेवढ्यात अर्जदाराने काढा न पिता टोपीखाली लपवून बाहेर आणला. तोच नमुना सोबत आहे. मात्र तो कप संध्याकाळच्या आत शिंप्याच्या हाती परत मिळावा. कप सापडला नाही, तर ताई पेल्याने देईल.

आपला नम्र व तूर्त हयात,
अर्जदार
(निवृत्त वजनमापे निरीक्षक)
मंगळवार

सोबत :
१) काढा, कपासह (कपाचा कान आधीपासूनच तुटलेला आहे)
२) पुडीचा कागद, कोरा
३) हनुवटीचा कापूस