अकोल्याहून आलेला रस

प्रिय महामाया,

सप्रेम जय भीम. काल फोनवर तू एवढी आनंदात होतीस. "बाबा, माझ्या रसाच्या प्रयोगात सगळ्यांत जास्त तुमचंच कोलेस्टेरॉल उतरलं!" म्हणालीस आणि मी नुसता हं हं करत राहिलो. तुला वाटलं असेल, म्हातारा भारावला. तसं नव्हतं पोरी. फोनवर तोंड उघडेना म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय; पत्र उद्याच्या एसटीनं कंडक्टरच्या हातीच धाडतो. तसंही यंदा बियाण्याच्या दुकानात फिरकतं कोण?

चिखलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, तेव्हापासून मला या आजाराची लाजच वाटते. बीपी असतं, शुगर असती, तर चारचौघांत सांगितलं असतं. पण रक्तात चरबी वाढली हे कोणत्या तोंडानं सांगू? अख्ख्या गावाच्या कपाशीची बोंडं गुलाबी अळीनं आतून पोखरली आणि त्यांना बियाणं विकणारा इंद्रभान मात्र खाऊन खाऊन आजारी पडला! मीच पाकीट पुढं सरकवून म्हणायचो, "ने बिनधास्त, याले बोंडअळी लागतच नाही." कंपनीचा माणूस मला सांगायचा, मी लोकांना सांगायचो. तो आता फोन उचलत नाही. मला मात्र याच गल्लीत राहायचंय. शेजारच्या दयारामनं कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत गुरं सोडली आणि त्याच संध्याकाळी मला नेहमीसारखा जय भीम घातला. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला रात्री झोप तरी लागली असती. तेव्हापासून त्याचं दार टाळून मी दुकानाला नाल्याकडच्या लांबच्या वाटेनं जातो-येतो. गुडघे कुरकुरतात, पण त्याच्या दारावरून जाववत नाही.

तुझ्या आईनं तर त्या दिवसापासून कढईच उतरवून ठेवली. दोन्ही घरांची भिंत एक, आपल्या फोडणीचा वास थेट त्यांच्या चुलीपर्यंत जातो. मी एकदा भज्यांचं नाव काढलं, तर अंगावरच आली. "तिकडे ते लेकरं कोरडी भाकर अन् ठेचा खाऊन राह्यले, अन् मी इकडे तळण तळू? लाज हाय का तुमाले?" नाव अन्नपूर्णा, पण आता ताटात भाकर, साधं वरण आणि पालेभाजी. मटण तर मी विसरूनच गेलो. वाईट तेवढंच वाटतं की हे मला सुचलं नाही, तिला सुचलं.

तुझ्या कॉलेजातून प्रयोगाच्या रसाच्या बाटल्या मात्र बर्फात बांधून एसटीनं वेळेवर येत होत्या. कंडक्टर विचारायचा, "इंद्रभानभाऊ, पोरगी कोणतं अमृत धाडून राह्यली?" मी सांगायचो, पोटाचं औषध. रस सकाळी उपाशीपोटी घ्यायचा, हा तुझा नियम. आणि नेमकी सकाळीच दयारामची आई गोजरबाई कोवळ्या उन्हाला आपल्या अंगणात येऊन बसते. म्हातारं माणूस समोर बसलेलं असताना एकट्यानं डाळिंबाचा रस घशाखाली उतरवायचा, हे आपल्याकडे कुणाला जमलंय? ती तापातून उठलेली, अन्नावरची वासना गेलेली. पहिल्या दिवशी अर्धा कप दिला. "बापा, तोंडाले चव आली रे," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं काही मागितलं नाही, नुसती बसून राहिली. तू बजावलं होतंस की यातले जिवाणू जिवंत असतात, चरबी कमी करायचं काम तेच करतात, म्हणून रस गारच ठेवा. पण गारव्यानं तिचे दात ठणकायचे, मग तुझी आई तो चुलीवर चांगली वाफ येईस्तोवर तापवून द्यायची. बिचारे तुझे जिवाणू! अकोल्यापासून गावापर्यंत जीव सांभाळून आले आणि आपल्या चुलीवर मेले.

आता कळलं ना, कशासाठी लिहितोय? मी तुझा रस घेतलाच नाही, महामाया. पहिले काही दिवस अर्धा घेतला, मग सगळ्या बाटल्या गोजरबाईच्या. तू फोनवर विचारायचीस, "बाबा, घेतला का?" आणि मी हो म्हणायचो. वाटायचं, पोरीचा जीव कशाला दुखवा. रिपोर्टमध्ये काही फरक दिसणार नाही आणि प्रकरण आपोआप मिटेल, असा माझा हिशेब. तो साफ चुकला. तुझा रस गुणाचा असेल, बाकीचे नेमानं घेतात, त्यांचे आकडे खरेच असतील. पण परवा तू सगळ्या कॉलेजपुढं उभी राहून माझा आकडा पहिला दाखवणार. तो ऐकून कुणी गोळी सोडून बाटली धरली तर? ऐकीव गोष्टीची लोकांना खात्री देऊन काय होतं, ते मी रोज बघतोय. माझी चरबी तुझ्या रसानं उतरली नाही गं, शरमेनं उतरली. रागाव माझ्यावर, हवं तर महिनाभर फोन करू नकोस. पण त्या दिवशी बोलायला उभी राहण्याआधी तुझ्या बापाचं नाव त्यातून काढून टाक.

तुझाच,
बाबा